डबा बंद, पण किती बंद?

मंडळी, पोस्ट लांब आहे. पण आंब्याकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत वाचा.

मलकापुरात एका दोस्ताच्या शेडमध्ये जुनी तीनचाकी बॅटरीवर करायचं काम चाललंय. लिथियमचे सेल, ७२ व्होल्टचा पॅक, पत्र्याचा डबा आणि कडेनं सगळीकडनं सिलिकॉन. म्हणाला, "गाडी पाण्यात बुडली तरी थेंब आत जाणार नाय." मी विचारलं, "आणि आतलं बाहेर कुठनं येणार?" गडी नुसता हसला. पण गाडीच्या बॅटरीचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरलाय.

शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्टन प्लांतेनं १८५९ साली केली. ती चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि ठिणगी मिळाली की भडका. म्हणून ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीला बुचं असायची आणि बुचाला बारीक भोकं. पुढं 'सीलबंद' बॅटरी आली, पण तिच्यातही दाब वाढला की उघडणारा व्हॉल्व्ह असतोच. म्हणजे नावाला सील, प्रत्यक्षात एक दार ठेवलेलं.

याच शिशाच्या बॅटरीवर आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात मोठं काम झालं, आणि आपल्यातल्या फार थोड्यांना ते माहीत आहे. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था बनबिहारी निंबकरांनी १९६८ साली काढली. डॉ. अनिल राजवंशी अमेरिकेत पीएच.डी. करून १९८१ साली तिथं आले. शेतीची संस्था, पण त्यांनी हात घातला सायकलरिक्षाला. माणसानं माणूस ओढायचा हे कष्ट कमी व्हावेत म्हणून आधी पायडलच्या रिक्षाला मोटरची जोड दिली, मग पूर्ण बॅटरीवरची 'इलेक्शा' बनवली. २००२ साली त्यावरचा त्यांचा लेख 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

खरं सांगायचं तर हे काम कोल्हापूरनं उचलायला पाहिजे होतं. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. इतक्या फौंड्र्या, इतके मिस्त्री! पण झालं काय, तर ई-रिक्षा देशात पसरली ती चीनच्या सुट्या भागांवर, दिल्लीच्या रस्त्यांवरनं आणि नियमाशिवाय. ३१ जुलै २०१४ ला दिल्ली उच्च न्यायालयानं तिच्यावर बंदी घातली, तेव्हा कुठं ऑक्टोबरात केंद्रानं नियम काढले. आधी गाडी, मग अपघात, मग नियम.

लिथियमचंही तेच झालं. सोनीनं १९९१ साली हा सेल बाजारात आणला, तो कॅमेऱ्यासाठी, खिशातल्या वस्तूंसाठी. तोच आपण शेकड्यानं जोडून गाडीखाली बांधायला लागलो. २६ मार्च २०२२ ला पुण्यात रस्त्याकडेला उभी स्कूटर जळाली. एप्रिलमध्ये नाशिकला कंटेनरमधल्या वीस स्कूटर पेटल्या. मग केंद्रानं समिती नेमली आणि 'एआयएस १५६' हे मानक कडक केलं, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत.

त्यात डब्याबद्दल काय आहे ते नीट बघा. पाणी आत जाता कामा नये, हे आहेच. पण त्याच डब्याला आतला दाब बाहेर सोडायची वाटही पाहिजे. शिवाय सेलमध्ये अंतर, तापमान मोजणारे सेन्सर आणि धोका झाला तर आवाज-दिव्याचा इशारा. कारण एक सेल बिघडून तापला की तो पेटणारा वायू सोडतो. पत्र्याच्या घट्ट डब्यात तो साठला तर तुम्ही बॅटरी नाही, बॉम्ब बनवलाय.

आणि आपल्याकडची वेगळी गोष्ट म्हणजे दमट हवा. डबा बंद करताना जी हवा आत अडकते, तिच्यातच ओल असते. दिवसा पॅक तापतो, रात्री गार पडतो आणि पत्र्याला आतनं घाम सुटतो. ते पाणी वरनं पडलेलं नसतं, सिलिकॉन त्याला काय अडवणार? म्हणून हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडदा असलेला व्हेंट बसवतात.

व्होल्टेजचं पण लक्षात घ्या. मानकात ६० व्होल्ट डीसीच्या वरचं सगळं धोक्याच्या वर्गात येतं. वीस सेलची ओळ ७२ व्होल्टची म्हणतात, पण पूर्ण चार्ज झाली की ८४. त्यात ओले हात आणि हातात लोखंडी पाना! पॅकच्या मधोमध तोडता येणारी जोडणी आणि फ्यूज ठेवला, तर काम करताना निदान अर्धंच व्होल्टेज समोर राहतं.

कायद्याचं म्हणाल तर २५० वॉटच्या आत आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत असलेली बॅटरीची गाडी मोटार वाहनात मोडत नाही. त्याच्या वर गेलं की मंजुरी आलीच. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात २०२१ साली साठ हजारांत घरी केलेली जीप आठवतेय ना? आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, पण त्याच दमात हेही लिहिलं की नियमात बसत नाही म्हणून ती कधीतरी थांबवली जाईल. आणि बदल्यात बोलेरो दिली.

दोस्तानं परवा कडेचं सिलिकॉन खरवडून काढलं. रबरी गॅस्केट आणलंय, डब्याच्या वरच्या अंगाला व्हेंटसाठी भोक पाडलंय. मधला फ्यूज अजून यायचाय, तोवर पॅक दोन तुकड्यांत सुटा करून कोरड्या फळीवर ठेवलाय.