वर्ध्याचा माणूस, मेक्सिकोचा मका

मंडळाच्या गणपतीत किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात नवीन चेहरा दिसला की आपले प्रश्न ठरलेले असतात. कधी आलात? कुठल्या प्रोजेक्टवर? व्हिसा कुठला? आणि मग बटाटेवडा संपता संपता शेवटचा प्रश्न, "काय मग, झालात का सेटल?" समोरचा "हो, होतोय हळूहळू" म्हणतो आणि विषय संपतो. पण माणूस सेटल होतो म्हणजे नक्की काय होतं? घर घेतलं की? ग्रीन कार्ड आलं की? मला या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर एका मराठी माणसाच्या आयुष्यात सापडलं. त्यांचं नाव पांडुरंग सदाशिव खानखोजे.

विदर्भातल्या मंडळींना हे नाव ठाऊक असेल. इतरांना ठाऊक असलं तरी ते 'गदरवाले क्रांतिकारक' म्हणून. ते तर खरंच. पण मला आज सांगायचंय ते त्यांच्या नोकरीबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी. खानखोजे मूळचे वर्ध्याचे. १९०६ च्या सुमारास देश सोडला, तो लष्करी शिक्षण घेऊन इंग्रजांशी लढायचं या एकाच वेडापायी. जपानमार्गे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोचले. पडेल ते काम करत ऑरेगॉनच्या कृषी महाविद्यालयात आणि मग वॉशिंग्टन स्टेट कॉलेजात शेतीशास्त्र शिकले. त्या भागातल्या लाकडाच्या गिरण्यांत आणि शेतांवर राबणाऱ्या पंजाबी मजुरांशी त्यांचं जमलं. १९१३ साली गदर पक्ष उभा राहिला, त्याच्या संस्थापकांपैकी ते एक. पहिलं महायुद्ध पेटल्यावर नाव-वेश बदलून ते इराणमध्ये गेले, इंग्रजांविरुद्ध लढले, जखमी झाले. युद्धानंतर बर्लिन झालं, मॉस्कोही झालं.

आता १९२४ सालची त्यांची अवस्था बघा. वय चाळिशीच्या आसपास, हातात शेतीची पदवी. भारतात पाऊल ठेवलं तर तुरुंग किंवा फाशी. अमेरिकेत परतावं, तर १९१७ च्या कायद्याने भारतासकट आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना दार बंद केलेलं. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत गदरवाल्यांवर मोठा खटलाही सुरू झाला होता. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. आपण एच-वन-बीच्या लॉटरीला कंटाळतो, पण त्या काळी लॉटरीसुद्धा नव्हती. आपल्यासाठी दार उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, आणि एच-वन-बी आला १९९० च्या कायद्याने.

खानखोजेंनी मेक्सिको निवडला. तिथे त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता, रामोन दे नेग्री. दे नेग्री पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे कॉन्सल होते, तेव्हापासूनची ही मैत्री. पुढे ते मेक्सिकोचे कृषिमंत्री झाले. आपल्या भाषेत सांगायचं तर खानखोजेंना नोकरी लागली ती रेफरलवर! नोकरी होती मेक्सिको शहराच्या पूर्वेला, चापिंगो इथल्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात, प्राध्यापकाची.

काळ मोठा विलक्षण होता. १९१० साली सुरू झालेली मेक्सिकन क्रांती नुकतीच थंडावली होती. जमीन मूठभर जमीनदारांची आणि राबणारे भूमिहीन, हे त्या क्रांतीचं मुख्य दुखणं. चापिंगोचं विद्यालयही एका जुन्या जमीनदारी वाड्यातच भरायचं. जमिनीतून पीक कसं काढायचं ते शिकवा, माणसाला कसं पिळायचं ते नको, अशा अर्थाचं त्या संस्थेचं ब्रीद आहे. परक्या राज्याविरुद्ध वीस वर्षं झगडलेल्या माणसाला ही जागा परकी वाटली नसणार.

तरी अडचणी होत्याच. वर्गात उभं राहायचं ते स्पॅनिशमध्ये. आणि विषय? मका! मेक्सिकोच्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी रानटी गवतातून निवडून निवडून मका घडवला. चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याची तोर्तिया करायची, ही तिथली भाकरी. तिथे ज्वारीच्या मुलखातला माणूस मक्याचं वाण सुधारायला जातो. माझ्या धंद्यात याला क्लायंटला त्याचाच बिझनेस शिकवायला जाणं म्हणतात, आणि असे कन्सल्टंट फार काळ टिकत नाहीत.

खानखोजे टिकले, आणि का टिकले ते पाहण्यासारखं आहे. प्रयोगशाळेत त्यांनी मक्याचे संकर केले. मक्याचा रानटी भाऊबंद म्हणजे तेओसिंते. त्याचं कणीस बोटाएवढं, दाणे मोजके आणि दगडासारखे टणक, पण झाड काटक. त्याच्याशी मक्याचा संकर करून जास्त पीक देणारी वाणं काढायचा त्यांनी प्रयत्न केला. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. चापिंगोच्या परिसरात त्यांनी शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. ज्याला विद्यालयाची पायरी चढता येत नाही, त्याच्या गावात शाळा न्यायची. बियाणं कसं निवडायचं, माती कशी राखायची, हे त्याच्या शेतातच शिकवायचं. म्हणजे ज्यांच्याकडे हजारो वर्षांचं मक्याचं ज्ञान होतं त्यांच्या बांधावर जाऊन बसायचं. शिकवणं आणि शिकणं दोन्ही तिथेच.

मेक्सिकोने याची दखल घेतली. प्रसिद्ध छायाचित्रकार टिना मोदोत्ती हिने त्यांच्या कामाची छायाचित्रं काढली. महान चित्रकार डिएगो रिव्हेरा याने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या इमारतीत जी भित्तिचित्रं रंगवली, त्यातल्या एकाचं नाव आहे 'आमची रोजची भाकरी'. टेबलाभोवती सगळ्या वंशांची माणसं बसलीयत आणि पाव मोडून देतोय तो आपला वर्ध्याचा माणूस! १९३६ साली त्यांनी जान सिंदिक या बेल्जियन तरुणीशी लग्न केलं. दोन मुली झाल्या, एकीचं नाव सावित्री, दुसरीचं माया.

पुढची गोष्ट मात्र मला अस्वस्थ करते. १९४७ साली देश स्वतंत्र झाला. ज्यासाठी घर सोडलं ते मिळालं. खानखोजेंनी भारतात यायला परवानगी मागितली, तर इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचं नाव तसंच होतं, म्हणून आधी नकार आला! तो नंतर मागे घेतला गेला. १९४९ मध्ये ते भारतात येऊन गेले आणि १९५५ मध्ये कायमचे परतले, नागपूरला. तोवर गावातले ओळखीचे गेलेले, नवी पिढी त्यांना ओळखत नव्हती. पत्नीसाठी तर हे आणखी एक नवं बिऱ्हाड. बेल्जियम, मेक्सिको आणि आता विदर्भाचा उन्हाळा. आपल्यातले "पाच वर्षांनी परत जाऊ" म्हणणारे हा भाग सहसा हिशोबात धरत नाहीत.

२२ जानेवारी १९६७ रोजी नागपुरात ते वारले. गंमत म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, १९६६ साली, भारताने मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं होतं. ते नॉर्मन बोरलॉग यांचं काम, १९४४ नंतरचं. पण त्या कामाची सुरुवातही चापिंगोच्याच परिसरात झाली होती. दोन्ही कामांचा थेट धागा जोडण्याचा माझा दावा नाही. तरी ज्या मातीत एका मराठी मास्तराने इतकी वर्षं घाम गाळला, तिथूनच आपल्या पोळीचं बियाणं आलं, हे वाचून बरं वाटतं.

तर सेटल होणं म्हणजे काय? खानखोजे भारत तर एक दिवसही विसरले नाहीत. पण जिथे होते तिथल्या लोकांची भूक त्यांनी आपली मानली. आपण मात्र परतीचं तिकीट खिशात असल्यामुळे अर्ध्या बॅगा उघडतच नाही. क्लायंटची सिस्टिम आपल्याला पाठ असते, पण त्याच गावातली शाळा, ग्रंथालय, नगरपालिकेची सभा यांचं दारही आपण पाहिलेलं नसतं. परत जायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ते ठरेपर्यंतची वर्षंसुद्धा आयुष्याचीच असतात, ती नुसती वाट बघण्यात का घालवायची?

आपल्यातले बरेच जण डिसेंबरच्या सुट्टीत कॅनकूनला जातात. यंदा दोन दिवस मेक्सिको शहरासाठी ठेवून बघा. शिक्षण खात्याच्या त्या इमारतीत रिव्हेराचं चित्र आहे, आणि चापिंगोच्या विद्यापीठात २०२२ साली बसवलेला खानखोजेंचा पुतळा. मुलांना घेऊन जा, आणि आपला एक माणूस इथे काय करत होता ते त्यांना मराठीत सांगा.