गल्लीतली बाग: पॅट्रिक गेडिस, इंदूरची दिवाळी आणि आमची आळी

आजच्या भागात लढाई नाही, किल्ला नाही. एक स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आहे, इंदूरची एक दिवाळी आहे आणि बारामतीतल्या आमच्या आळीतला एक उकिरडा आहे.

बारामती-इंदापूर म्हटलं की लोकांना हिरवंगार रान दिसतं. ते खरंच आहे. 1880 च्या दशकात नीरा डावा कालवा आला, भाटघरचं पाणी या दुष्काळी पट्ट्यात पोचलं. सासवडचे माळी इकडे येऊन बागायत करू लागले. पुढे ऊस आला, इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभं राहिलं. पण माझी आजी म्हणायची, "पाणी रानाला गेलं रे, आळीला नाही." जुन्या गावातल्या दाटीवाटीच्या घरांमध्ये झाड लावायला जागाच नव्हती. जी रिकामी जागा होती तिथे कचरा पडायचा.

नेमकी अशीच जागा पॅट्रिक गेडिसने एडिनबरात पाहिली होती. 1886 मध्ये लग्न झाल्यावर तो आणि त्याची बायको ॲना जुन्या शहरातल्या गरीब, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. शेजाऱ्यांना सोबत घेऊन भिंतींना चुना लावला, खिडक्यांत फुलझाडं ठेवली. पुढे त्याच्या मंडळींनी त्या भागातले पडीक तुकडे मोजले. पाऊणशेच्या आसपास तुकडे निघाले, मिळून साधारण 10 एकर! त्यातल्या काहींवर बागा झाल्या. ते काम बरंचसं त्याच्या मुलीने, नोराने सांभाळलं. जॉन्स्टन टेरेसची बाग तर आजही आहे.

1914 मध्ये गेडिस भारतात आला. तेव्हा शहर सुधारायचं म्हणजे गरिबांची घरं पाडून सरळ रुंद रस्ता काढायचा, अशी पद्धत होती. त्याचं म्हणणं उलटं होतं. पडायला आलेलं एखादंच घर काढा, तिथे मोकळा चौक करा, झाड लावा, बायका-मुलांना बसायला जागा होईल. बाकीची वस्ती जिथे आहे तिथेच राहू दे. आणि कचरा नदीत न सोडता मातीला परत द्या.

होळकरांच्या इंदूरने त्याला नगररचनेसाठी बोलावलं. शहर प्लेगने हैराण झालेलं. 1917 च्या दिवाळीत त्याने एक गंमत केली. मिरवणूक काढायची, पण नेहमीच्या रस्त्याने नाही. ज्या भागात घरं सगळ्यात स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील, तिकडून ती जाणार! मग काय, गल्लोगल्ली साफसफाई सुरू. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा उंदीर होता. सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, मानाने चालत होते. आणि लोकांना तुळशीची रोपं वाटली. मला हे फार आवडतं. परक्या देशातून आलेल्या माणसाला कळलं की इथे बाग तुळशीपासून सुरू होते. 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला, त्याचा पहिला प्राध्यापकही हाच.

आता आमचा उकिरडा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी लॅपटॉप घेऊन बारामतीला आलो. घरासमोर पडलेल्या वाड्याची जागा होती, त्यात कचरा. मालकांना विचारलं, ते म्हणाले, "लावा, पण बांधकाम काढलं की सोडायची." शेजाऱ्यांनी मिळून दगड-विटा उचलल्या. कढीपत्ता, शेवगा, अळू, गवती चहा लावला. पावसाळ्यात सगळ्यांचे फोटो स्टेटसला!

मे महिन्यात निम्मी झाडं वाळली. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कोणीतरी पाणी घालेल. मलाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "झाडं लावायला सगळे येतात हो. मे महिन्यात कोण येतं ते बघा."

सॉफ्टवेअरमध्येही हेच असतं. लॉन्चला केक कापायला सगळे, मेंटेनन्सला कोणी नाही. मग आम्ही सात घरांना सात वार वाटून दिले. भांडी विसळलेलं पाणी आधी अळूला जातं. पुढच्या उन्हाळ्यात फक्त दोन रोपं गेली, तीही माझ्या वारी. मी पुण्याला परतलो होतो आणि सांगायचं विसरलो. तो वार आता काकूंनी घेतलाय.

इंदूरची मिरवणूक एका दिवसाची होती, एडिनबरातल्या बागा वर्षानुवर्षं सांभाळल्या गेल्या. मला वाटतं खरा इतिहास या दुसऱ्या कामाचा आहे, पण तो क्वचितच कोणी लिहितो. आमची जागा उद्या जाऊ शकते, मालकांनी आधीच सांगितलंय. म्हणून यंदा शेवग्याच्या फांद्या तोडून काकूंनी दुसऱ्या गल्लीत लावायला दिल्या. तिथेही आधी वार ठरले, मग खड्डे खणले.

तुमच्या गल्लीत असा तुकडा असेल तर नक्की कळवा. आणि हो, पाण्याचा वार कोणाचा, तेही सांगा. भेटू पुढच्या भागात!