तळटीप : ‘कॅश फोडली’
‘कॅश’चा इथे रोकड रकमेशी संबंध नाही. ब्राउझर संकेतस्थळाची शैली-फाइल एकदा उतरवून घेतो आणि सर्व्हरने दिलेल्या मुदतीपर्यंत (पुष्कळदा ३,१५,३६,००० सेकंद, म्हणजे वर्षभर) तीच साठवलेली प्रत दाखवतो. त्याला नवी प्रत घ्यायला लावायची, तर फाइलचा पत्ता बदलावा लागतो. पीएचपीतले ‘फाइलएमटाइम’ हे फंक्शन फाइल शेवटची कधी बदलली ते १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत सांगते. तो आकडा पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन जोडतात. फाइल तीच, तर आकडाही तोच. लेखकाचे सहकारी मात्र चालू घड्याळाची वेळ जोडत होते, म्हणजे साठवण असून नसल्यासारखी. – संपा.