मद्य उतरतें, तें जातें कोठें?



मद्य ‘चढतें’ आणि कांहीं वेळानें ‘उतरतें’, असें आपण सहज बोलून जातों. चढतें तें पोटांतून रक्तांत व रक्तांतून मेंदूंत, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण उतरतें तें जातें कोठें? हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्याचा निकाल लागण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं, आणि त्या निकालावर आज रस्त्यावरील माणसांचे प्राण अवलंबून आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांचें मत असें होतें कीं, दिव्यांत तेल जळावें तसा मद्यार्क, म्हणजेच अल्कोहोल, शरीरांत जळतो व उष्णता देतो. १८६० सालीं पॅरिस येथें लालमां, पेरँ व द्युर्वा या तिघांनीं याच्या नेमकें उलट प्रतिपादन केलें. गंधकाम्ल व बायक्रोमेट यांच्या नारिंगी मिश्रणांत मद्यार्काचा अंश जातांच तें हिरवें होतें. मद्य दिल्यानंतरचा श्वास व मूत्र यांनीं हा रंग पालटलेला पाहून त्यांनीं ठरविलें कीं, मद्यार्क शरीरांत मुळींच पालटत नाहीं. आला तसाच तो बाहेर पडतो.

या अनुमानांतील दोष लंडनचे डॉक्टर फ्रान्सिस ॲन्स्टी यांनीं हेरला. रंग पालटला म्हणजे मद्यार्क आहे एवढेंच कळतें. तो किती आहे हें कळत नाहीं. त्यांनीं मोजमाप आरंभिलें, आणि १८७४ मध्यें मृत्यु येईपर्यंत तें चालविलें. श्वास, घाम व मूत्र यांतून मिळून घेतलेल्या मद्यार्काचा अगदीं थोडा भाग बाहेर पडतो, असें त्यांस आढळलें. मग उरलेला मोठा भाग शरीरांतच नाहींसा होत असला पाहिजे.

याचा चोख जमाखर्च अमेरिकेंतील मिडलटाउन गांवीं वेस्लियन विद्यापीठांत ॲटवॉटर व बेनेडिक्ट यांनीं मांडला. सुमारें सात फूट लांब व चार फूट रुंद अशा बंद कोठडींत माणूस कित्येक दिवस राही. आंत जाणारी व बाहेर येणारी हवा, अन्न, मलमूत्र आणि अंगांतून निघणारी उष्णता, सर्वांचें मोजमाप होई. दिवसाकांठीं ७२ ग्रॅम मद्यार्क सहा वेळां विभागून दिला असतां त्यांतील शेंकडा ९८ हून अधिक जळून जातो, असें १९०२ पर्यंत सिद्ध झालें. मद्यपानविरोधी मंडळी यामुळें रागावली. परंतु मद्यार्क जळून उष्णता देतो एवढ्यावरून तो हितकर ठरत नाहीं. जळण तें जळणच.

आतां एकच प्रश्न उरला: हें काम किती वेगानें चालतें? स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे एरिक विडमार्क यांनीं १९२२ सालीं रक्ताच्या अल्पशा थेंबांतील मद्यार्क मोजण्याची रीत काढली. त्यांस आढळलें कीं, रक्तांतील प्रमाण बहुतेक वेळ सरळ रेषेंत उतरत जातें. अधिक प्यालें म्हणून शरीर अधिक घाई करीत नाहीं. दर १०० मिलिलिटर रक्तामागें तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम, असा हा वेग; मनुष्यपरत्वें तो थोडा कमीअधिक होतो.

याचें कारण यकृतांत आहे. तेथील एक विकर, म्हणजे एन्झाइम, मद्यार्काचें ॲसिटाल्डिहाइड नांवाच्या विषारी द्रव्यांत रूपांतर करतें. दुसरें विकर त्याचें ॲसिटेट बनवितें, आणि अखेर कर्बाम्ल वायु व पाणी उरतें. पहिलें विकर घोड्याच्या यकृतांतून स्फटिकरूपानें १९४८ सालीं स्टॉकहोम येथें हातीं आलें. थोड्याच मद्यार्कानें या विकराचे हात भरून जातात. मग दारांत कितीहि गर्दी झाली तरी काम आपल्याच गतीनें चालतें. लिंबाचा रस, ताक, काळी कॉफी, डोक्यावर थंड पाणी या उताऱ्यांनीं झोंप उडेल, परंतु यकृताचा वेग वाढत नाहीं.

कायद्यानेंहि हळूहळू वासापेक्षां मोजमापावर भर दिला. मुंबई राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यांत १९५९ च्या दुरुस्तीनें रक्तांतील शेंकडा ०.०५ या प्रमाणाचा निकष आला. भारताच्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत आज वाहन चालविणाऱ्यासाठीं १०० मिलिलिटर रक्तांत ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे.

आतां एक लहानसा हिशेब पाहा. समारंभाहून मध्यरात्रीं परतलेल्या गृहस्थांच्या रक्तांत १५० मिलिग्रॅम मद्यार्क आहे. सहा तास स्वस्थ झोंप घेऊन सकाळीं सहा वाजतां ते ताजेतवाने उठतात, स्नान करतात, चहा घेतात आणि मुलांना घेऊन गाडींत बसतात. सहा तासांत ९० मिलिग्रॅम गेले. ६० अद्याप शिल्लक आहेत, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. त्यांच्या मतें मद्य रात्रींच उतरलें. यकृताच्या हिशेबीं तें अजून उतरतच आहे. अशा वेळीं गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातीं देणें, किंवा आणखी कांहीं तास घरींच थांबणें, एवढेंच आपल्या हातीं आहे.