निर्जंतुकीकरणातील उपपदार्थ

पिण्याच्या पाण्यातील रोगजंतू मारण्यासाठी घातलेले क्लोरीन किंवा ओझोन पाण्यातल्याच काही घटकांशी संयोग पावते, तेव्हा तयार होणारी नवी रसायने. क्लोरीनमुळे होणारी ट्रायहॅलोमिथेन व हॅलोअॅसेटिक आम्ले यांतील सर्वांत परिचित. ट्रायहॅलोमिथेनमध्ये चार संयुगे धरतात. त्यांपैकी क्लोरोफॉर्म म्हणजे एकेकाळी शस्त्रक्रियेपूर्वी भूल देण्यासाठी हुंगवत ते.

रोटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातील रसायनतज्ज्ञ योहानेस रोक यांनी १९७४ मध्ये दाखवून दिले, की ही संयुगे मूळ नदीच्या पाण्यात नसून क्लोरीन घातल्यानंतर तयार होतात. अमेरिकेने १९७९ मध्ये त्यांच्यावर मर्यादा घातली.

दोष मात्र क्लोरीनपेक्षा कच्च्या पाण्याकडे अधिक जातो. कुजलेला पालापाचोळा, शेवाळ, सांडपाण्यातील सेंद्रिय मळ हा या रसायनांचा कच्चा माल. पाणी जितके गढूळ व हिरवे, तितके क्लोरीन जास्त लागते आणि उपपदार्थही वाढतात. उष्णता आणि पाणी साठून राहण्याचा काळ यांची भर वेगळीच.

या दृष्टीने पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके पाहण्याजोगे आहेत. नीरा डाव्या कालव्याचे पाणी आवर्तनाने येते. कालवा बंद असला की साठवण तलावावर भागवायचे, आणि उन्हाळ्यात साठलेल्या पाण्यात शेवाळ धरायला वेळ लागत नाही. इंदापूरच्या उत्तर अंगाला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या या भीमेवरील धरणात पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून येऊन मिळते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ पोसते, जलपर्णी माजते. पळसदेव-भिगवणकडच्या लोकांना उन्हाळ्यातल्या हिरव्या पाण्याचे नवल राहिलेले नाही. भिगवणला रोहित पक्षी पाहायला येणाऱ्यांना ते पाणी देखणे वाटत असेल. जलशुद्धीकरण केंद्राच्या दृष्टीने ते अवघड पाणी.

क्लोरीनयुक्त पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमाण काहीसे जास्त आढळल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने क्लोरोफॉर्मला ‘माणसात कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. आयएस १०५०० या भारतीय मानकात क्लोरोफॉर्मची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे. पण या धोक्यामुळे पाण्यात क्लोरीनसाठी घातली जाणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बंद करणे हा उपाय नव्हे. कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो यांचा धोका आजचा आणि कितीतरी मोठा आहे; उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नये, हीच जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. ओझोनकडे वळूनही सुटका नाही, कारण पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होते.

खरा उपाय क्रमाचा आहे. आधी तुरटीने मळ खाली बसवायचा, वाळूच्या थरातून पाणी गाळायचे, क्लोरीन त्यानंतर द्यायचे. हिरवे पाणी आत येताच भरपूर क्लोरीन ओतण्याची सवय सोपी खरी, पण सर्वांत महागात पडते. घरी सक्रिय कोळशाच्या गाळणीने ट्रायहॅलोमिथेन बरेच कमी होतात. उघड्या भांड्यात पाणी उकळले तर ती बऱ्याच अंशी उडून जातात.

गावोगावी होणाऱ्या ओटी (ऑर्थोटोलिडीन) चाचणीत पाणी पिवळे झाले, की क्लोरीन शिल्लक आहे एवढेच कळते. ट्रायहॅलोमिथेन मोजण्यासाठी प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो.