पुंगलीच्या पुलापाशी

भिलाईस नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसाला शेजारचे दुर्ग हे जिल्ह्याचे ठिकाण म्हणून आणि नागपूरकडे जाणाऱ्या गाड्यांचे स्थानक म्हणून परिचित असते. त्या गावच्या मातीच्या जुन्या किल्ल्याशी आपलाही काही संबंध आहे, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्कर राम कोल्हटकर यांनी छत्तीसगडावर स्वारी केली, तेव्हा मराठ्यांनी हाच किल्ला तळासाठी वापरला. पुढे रतनपूरचे हैहय राज्य नमवून ही फौज पूर्वेकडे वळली आणि १७४२ मध्ये बंगालच्या सुब्यात उतरली. तेथून जवळजवळ दहा वर्षे जे घडले, ते आपल्या शालेय इतिहासात ‘बंगालवरील स्वाऱ्या’ अशा दोन शब्दांत आटोपते. बंगाल्यांच्या इतिहासात ते इतक्या थोडक्यात आटोपत नाही.

सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला आपण बारगीर म्हणतो. त्या शब्दाचा बंगालीत ‘बर्गी’ झाला आणि तो थेट अंगाईगीतात जाऊन बसला. मूल झोपत नसेल तर बर्गी येईल म्हणून त्याला भिववावे, असा तो प्रकार. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्या काळातच ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे काव्य रचले, आणि नावावरून कोणास वाटेल तशी ती आपली स्तुती नव्हे. १७५१ च्या तहाने ओरिसाचा महसूल आणि बारा लाखांची चौथाई नागपूरकरांच्या पदरी पडली. हिशेबाच्या वहीत ती जमेची बाजू खरी, पण त्या देशात मराठ्यांचे नाव पुढील दोन शतके अंगाईच्या भीतीतच राहिले. कोणा बंगाली सहकाऱ्याशी शेजारधर्म असणाऱ्या वाचकांनी हा विषय कधी हलकेच काढून पाहावा.

या पार्श्वभूमीवर १९७१ च्या डिसेंबरात एक मराठा पलटण उत्तरेकडून त्याच बंगालच्या पूर्वार्धात उतरली, आणि गावोगावचे लोक तिच्या स्वागतास रस्त्यावर आले, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. लष्करी इतिहासात तिला जमालपूरची लढाई म्हणतात. जनरल, नकाशे आणि तेरा दिवसांचा विजय यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला येथे लिहावयाचे आहे ते पायदळाविषयी.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन म्हणजे ‘जंगी पलटण’. तिची उभारणी १७६८ सालची, म्हणजे पानिपतानंतर अवघ्या सात वर्षांची, आणि तीही मुंबईकर इंग्रजांच्या चाकरीत. मराठी राज्य अजून उभे होते तेव्हा मराठी माणसे त्याच्या शत्रूच्या पलटणीत भरती होत होती, ही वस्तुस्थिती अडचणीची असली तरी नाकारण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात तिला १०३ वी म्हणत. तेव्हाची ११० वी ही पुढे तिसरी बटालियन झाली. या दोन्ही पलटणी टाउनशेंडच्या फौजेबरोबर मेसोपोटेमियात गेल्या, दोघींनी कुट-अल-अमाराचा वेढा सोसला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी दोघीही तुर्कांच्या कैदेत पडल्या. कोकणातून आणि देशावरून गेलेल्या त्या शिपायांपैकी अनेकांचा अंत कैदेतच झाला.

दुसऱ्या महायुद्धात याच दोन पलटणी इटलीत होत्या, मात्र वेगवेगळ्या डिव्हिजनांत. तिसरीचा नाईक यशवंत घाडगे हा माणगाव तालुक्यातील पळसगावचा. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीतील सर्व माणसे मशीनगनच्या माऱ्याखाली पडली. तो एकटाच पुढे धावला, बाँब टाकून तोफ बंद पाडली, आणि गोळ्या संपल्यावर बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना आडवे केले. मग आडून झाडलेल्या गोळ्यांनी तो तेथेच पडला. वय बावीस. पहिलीचा शिपाई नामदेव जाधव हा तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निमजचा. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीच्या बंधाऱ्यावर त्याने जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून एकेक करून पलीकडे पोहोचवले. परत येऊन मशीनगनची ठाणी उद्ध्वस्त केली, आणि हाताला जखम झालेली असताना बंधाऱ्यावर उभे राहून रणघोष केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, एकाला मरणोत्तर. एका नदीच्या काठी तिसरी, दुसरीच्या काठी पहिली. त्यांची पुढची नदी बंगालातली होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिसरीला छत्रीधारी करण्यात आले. काश्मीरच्या युद्धात ती ब्रिगेडियर उस्मान यांच्या हाताखाली झांगडच्या बाजूस लढली आणि १९५२ साली पॅराशूट रेजिमेंटमध्ये दाखल होऊन ‘दोन पॅरा’ झाली. नाव बदलले, टोपी बदलली, पण ‘मराठा’ ही ओळख तिने सोडली नाही.

१९७१ कडे येण्यापूर्वी थोडे पूर्वेकडे पाहिले पाहिजे. त्याच सुमारास जगातील सर्वांत सुसज्ज पायदळ व्हिएतनाममध्ये लढत होते. १९६५ च्या नोव्हेंबरात इआ द्रांगच्या खोऱ्यात अमेरिकनांनी हेलिकॉप्टरांतून शिपाई थेट शत्रूच्या मध्यभागी उतरवले. पहिल्या तीन दिवसांत तोफा आणि विमाने यांच्या बळावर त्यांनी मैदान राखले. पण १७ नोव्हेंबरला शेजारची दुसरी बटालियन पायी चालत निघाली, ती उंच गवतात घेरली गेली आणि तिचे दीडशेहून अधिक शिपाई पडले. १९६९ च्या मे महिन्यात दहा दिवस रक्त सांडून एक डोंगर घेतला गेला, आणि जूनमध्ये तोच डोंगर सोडून दिला गेला. घेतलेला प्रदेश ताब्यात राहीना, म्हणून यश मोजण्यासाठी मुडद्यांची गणना सुरू झाली. आकड्यांच्या तक्त्यांवर विसंबणाऱ्या कचेऱ्या आपण पाहिल्या आहेत, त्यामुळे त्या गणनेचे पुढे काय झाले असेल याची कल्पना आपणांस येऊ शकेल. मूळ अडचण शस्त्रांची नव्हती. ज्या गावातून शिपाई चालत होता, त्या गावाला तो नको होता.

पूर्व बंगालची स्थिती व्हिएतनामसारखी होती असे मी म्हणत नाही. पण भातखाचरे, नद्या आणि मधोमध चौकीत बसलेले परके सैन्य हे चित्र दोहोंकडे होते, आणि बंगालात त्या चौकीत पाकिस्तानी सैन्य होते. अमेरिकनांच्या जागी तेथे एकतिसावी बलूच होती. शौर्यात ती कमी नव्हती. मेघालयाच्या सीमेलगतच्या कमालपूर चौकीत कॅप्टन एहसान मलिक दीडशेच्या आत माणसे घेऊन तीन आठवडे टिकला आणि ४ डिसेंबरला, सर्व साधने संपल्यावर, शरण आला. याच कमालपूरसाठी नोव्हेंबरात मुक्तिवाहिनीचे मेजर अबू ताहेर यांनी आपला पाय गमावला होता. अशा शत्रूला हिणवून आपला विजय मोठा होत नाही.

उत्तरेकडून ढाक्यास जाण्याची वाट सर्वांत सोयीची होती, कारण जुनी ब्रह्मपुत्रा ओलांडली की मोठी नदी आड येत नव्हती. तरीही या बाजूस फौज थोडीच दिली होती. ब्रिगेडियर हरदेव सिंग क्लेर यांची ९५ वी माउंटन ब्रिगेड, शेजारी ब्रिगेडियर संत सिंग यांचा एक छोटा विभाग, आणि मुक्तिवाहिनी. जंगी पलटण क्लेर यांच्याकडे होती आणि तिचे अधिपती होते लेफ्टनंट कर्नल कुलदीप सिंग ब्रार. जमालपूर हे गाव जुन्या ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठी वसलेले. समोरून नदी ओलांडून त्यावर चढणे म्हणजे आत्मघात. म्हणून पलटणीने बाजूने नदी ओलांडली आणि गावाला वळसा घालून दक्षिणेस टांगाइलच्या रस्त्यावर ठाण मांडले. जड वाहने पलीकडे नेण्याची सोय नव्हती. होड्या गावकऱ्यांच्या, दारूगोळा वाहणारे खांदेही पुष्कळसे त्यांचेच. इआ द्रांगला जे काम हेलिकॉप्टरांनी केले, ते येथे माणसांनी केले. शिवाय शत्रू कोठे, किती आणि कधी हलला, याची बातमीही तीच माणसे आणीत. ही गोष्ट कोणत्याही यंत्राला साधत नाही.

९ डिसेंबरला क्लेर यांनी जमालपूरचे अधिपती लेफ्टनंट कर्नल सुलतान महमूद यांना शरण येण्याविषयी पत्र लिहिले. पत्रव्यवहार हाच ज्यांचा पेशा आहे अशा आपल्यासारख्यांना हा प्रसंग विशेष रुचेल. पत्र घेऊन गेला मुक्तिवाहिनीचा जहुरुल हक मुन्शी. शत्रूच्या गोटात त्याला मारहाण सोसावी लागली, पण तो उत्तर घेऊन परत आला. बांगलादेशाने पुढे त्याला ‘वीर प्रतीक’ हा किताब दिला. महमूद यांचे उत्तर अत्यंत सभ्य होते. आभार मानून त्यांनी कळवले, की खरी लढाई अजून व्हावयाची आहे आणि पुढच्या भेटीत आपल्या हाती लेखणीऐवजी स्टेनगन असेल अशी आशा आहे. कागदासोबत बंदुकीची एक गोळी जोडलेली होती. सहपत्र म्हणून!

उत्तरातील शब्द महमूद यांनी पाळला. १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री गावातील सैन्य टांगाइलच्या रस्त्याने वेढा फोडण्यास निघाले. मराठ्यांच्या खंदकांत शांतता होती. अंधारात चालून येणाऱ्यांवर दुरून गोळी झाडली तर स्वतःची जागा कळते आणि नेमही साधत नाही. म्हणून जवळ येईपर्यंत थांबावयाचे, असा हुकूम होता. हे थांबणे किती अवघड असते याची कल्पना करावी. डिसेंबरातील धुके, समोर पावलांचा आणि गाड्यांचा आवाज वाढत चाललेला, आणि बोट घोड्यावर ठेवून स्वस्थ पडून राहावयाचे. पायदळाची खरी शिस्त संचलनात दिसत नाही, ती अशा काही मिनिटांत दिसते. मग मशीनगन सुरू झाल्या. बलूच मागे फिरले नाहीत. एकामागून एक हल्ले करीत ते पहाटेपर्यंत झुंजले. सकाळी रस्त्यावर आणि शेतांत त्यांचे दोनशेहून अधिक शिपाई पडलेले होते. मराठ्यांची हानी त्या मानाने फारच थोडी झाली. महमूद स्वतः काही माणसांसह निसटून ढाक्याकडे गेले, आणि गावात उरलेल्या शेकडोंनी त्याच दिवशी शस्त्रे खाली ठेवली.

पलटणीला विसावा मिळाला नाही. कारण ११ डिसेंबरच्या दुपारी टांगाइलजवळ लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली दोन पॅरा विमानांतून उतरली होती. लोहाजंग नदीवरील पुंगलीचा पूल धरावयाचा आणि मैमनसिंग व जमालपूरकडून ढाक्यास परतणारे पाकिस्तानी सैन्य अडवावयाचे, हे तिचे काम.

छत्रीधारी सैन्याचा इतिहास जाणणाऱ्यास येथे धास्ती वाटल्याशिवाय राहणार नाही. आकाशातून उतरणे हा कामाचा सोपा भाग असतो. उतरलेल्यांजवळ दारूगोळा थोडा आणि तोफा हलक्या. जमिनीवरून चालत येणारे पायदळ वेळेवर पोहोचले नाही तर त्यांची गत कठीण. १९४४ च्या सप्टेंबरात आर्नहेमच्या पुलावर इंग्रजांची हीच गत झाली. वाट पाहिलेले रणगाडे आले नाहीत आणि डिव्हिजन संपली. दिएन बिएन फूला फ्रेंच छत्रीधारी १९५३ च्या नोव्हेंबरात उतरले. त्यांच्याकडे चालत येणारे कोणी नव्हतेच, आणि ७ मे १९५४ रोजी ते ठाणे पडले. त्या पराभवाच्या जागी पुढे अमेरिकन व्हिएतनामात आले, हा ओघ सर्वश्रुत आहे.

पुंगलीला छत्र्या पांगल्या, काही सामान तळ्यांत आणि खाचरांत पडले. पण गावकरी धावत आले आणि पेट्या उचलून शिपायांच्या मागोमाग चालू लागले. कादर सिद्दीकी यांची माणसे त्या भागात आधीपासून होती. संध्याकाळनंतर पूल ताब्यात आला आणि उत्तरेकडून येणाऱ्या पाकिस्तानी तुकड्या अंधारात त्याच्यावर येऊन आदळू लागल्या. ती रात्र आणि दुसरा दिवस दोन पॅराने पूल सोडला नाही. उत्तरेकडून मधुपूरच्या रस्त्याने जंगी पलटण येत होती. दोन रात्री न झोपलेली, पायांना फोड आलेली. १२ डिसेंबरच्या संध्याकाळी ती पुंगलीस पोहोचली.

जुनी पहिली आणि जुनी तिसरी अशा रीतीने लोहाजंगच्या काठी भेटल्या. कुटच्या कैदेत १९१६ साली ज्या एकत्र गेल्या होत्या, त्याच या. ती भेट झाली तेव्हा किती जणांना त्याची आठवण झाली असेल कोण जाणे. थकलेल्या शिपायाला त्या क्षणी बहुधा चहा आठवतो.

त्या वेळी अमेरिकेचे ‘एंटरप्राइज’ हे विमानवाहू जहाज व्हिएतनामचे पाणी सोडून बंगालच्या उपसागराकडे निघाले होते. १५ डिसेंबरला ते उपसागरात शिरले, पण तोवर ढाक्याच्या उत्तरेची वाट मोकळी झाली होती. १६ च्या सकाळी दोन पॅराचे शिपाई मीरपूरच्या पुलापाशी होते. जखमी झालेल्या जनरल गिल यांच्या जागी आलेले मेजर जनरल गंधर्व नागरा तेथे पोहोचले आणि त्यांनी नियाझी यांच्या नावे एक छोटी चिठ्ठी पाठवली. दोघांची ओळख जुनी होती. आपण पुलापर्यंत आलो आहोत, आपला माणूस पाठवावा, एवढाच तिचा आशय. या वेळी उत्तरासोबत गोळी आली नाही. उत्तर घेऊन एक पाकिस्तानी जनरल स्वतः मोटारीतून आला, आणि त्याच दुपारी ढाक्याच्या रेसकोर्सवर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या.