सेहेचाळीसचा फॉरेनर्स अ‍ॅक्ट

फॉरेनर्स अ‍ॅक्ट हा कायदा २३ नोव्हेंबर १९४६ रोजी झाला. दिल्लीत नेहरूंचं हंगामी सरकार येऊन तीन महिनेही झाले नव्हते, गृहखातं वल्लभभाई पटेलांकडे होतं, आणि कराची, ढाका, डहाणू ही तिन्ही गावं एकाच राज्यात होती. माझ्या कपाटात या कायद्याच्या तीन प्रती आहेत. एक आपली, एक पाकिस्तानची, एक बांगलादेशची. शेजारी शेजारी ठेवून वाचल्या तर कलमं तीच, क्रमही जवळपास तोच, बरीचशी वाक्यंसुद्धा तीच. कुठे शिक्षेचा आकडा बदललेला, कुठे एखादं कलम मागाहून शिवलेलं.

शेजारच्या देशांत घुसखोराला कसा सरळ करतात आणि आपल्याकडे त्याचे कसे लाड होतात, ही चर्चा आमच्या बाररूममध्ये चहाबरोबर नेहमीचीच. बोलणाऱ्यांपैकी कुणी शेजाऱ्याचा कायदा उघडलेला नसतो. आपलाही क्वचितच.

मुळात हा कायदा घुसखोरांसाठी लिहिलेला नव्हता, तो लढाईतून आला. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं आणि हिंदुस्थानातले जर्मन एका रात्रीत शत्रू ठरले. परकीयांच्या नोंदणीचा कायदा त्याच वर्षीचा, त्यांच्यावर नियंत्रण ठेवणारा १९४० चा. आपल्या मुलखात याच्या खुणा आहेत. अहमदनगर आणि देवळालीला या लोकांच्या छावण्या होत्या. पुरंदर आणि साताऱ्याला जरा सैल बंदोबस्तात ठेवलेली कुटुंबं होती. पुढे ल्हासाला पोचून जगप्रसिद्ध झालेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर पकडला गेला तो कराचीत. तिथून आपल्या बाजूच्या छावण्यांत आला आणि शेवटी डेहराडूनहून १९४४ साली निसटला. हिटलरच्या जाचातून पळून आलेले ज्यूसुद्धा, पासपोर्ट जर्मन म्हणून, सुरुवातीला आत गेले. पोलिसाला पासपोर्ट दिसतो, माणूस का पळाला ते दिसत नाही.

युद्ध संपलं. १९४० चा कायदा तात्पुरता होता, आणि त्याआधीचा १८६४ चा सरकारला अपुरा वाटू लागला होता. म्हणून सेहेचाळीसचा आला. त्यातली दोन कलमं मला पाठ आहेत. कलम ३ सरकारला परकीयाबाबत जवळपास हवा तो हुकूम काढायची मुभा देतं: येऊ नको, इथेच राहा, अमक्या गावी जाऊ नको, निघून जा. १९५५ साली एका जर्मन नागरिकाच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की परकीयाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निरंकुश आहे. आणि कलम ९ म्हणतं, तू परकीय नाहीस हे तू सिद्ध कर. फौजदारीत उभं आयुष्य घालवलेल्या वकिलाला हे कलम खुपतं. खुनाच्या आरोपीविरुद्ध पुरावा सरकारने आणायचा, आणि दोन भाकऱ्यांसाठी परमुलखात राबणाऱ्याने मात्र आपला जन्म स्वतः शाबीत करायचा.

या कायद्यातला ‘परकीय’ म्हणजे मुख्यतः जो ब्रिटिश प्रजाजन नाही तो. त्यामुळे फाळणीनंतर कराचीहून आलेला माणूस या व्याख्येत बसेना. नवा देश झाला होता, पण त्यातला माणूस कायद्याच्या लेखी अजून परका नव्हता. ही फट बुजवायला सरकारला दहा वर्षं लागली. जुलै १९४८ मध्ये पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट लागू झालं, १९४९ मध्ये त्याचा स्वतंत्र कायदा झाला, ऑक्टोबर १९५२ मध्ये दोन्ही देशांनी पासपोर्ट आणले. पाकिस्ताननेही त्याच वर्षी भारतीय नागरिकांच्या प्रवेशासाठी वेगळा कायदा केला. आपल्या व्याख्येत ‘जो भारताचा नागरिक नाही तो’ हे शब्द आले ते थेट जानेवारी १९५७ मध्ये.

या दहा वर्षांत जे सापडले त्यांचे हाल विचारू नका. रत्नागिरीच्या कोकणी मुसलमानांची अर्धी सोयरीक कराचीत होती, काठियावाडच्या मेमणांचीही. लग्नाला, मयताला माणूस जायचा आणि परतताना वेगळ्याच कायद्यात शिरायचा. परमिटशिवाय आलेला भारतीय नागरिकसुद्धा १९४९ च्या कायद्याने देशाबाहेर काढता येत असे. १९५४ साली मुंबई राज्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली: नागरिकाला त्याच्याच देशातून हाकलता येणार नाही. पण १९६२ साली त्याच न्यायालयाने दुसरा नियम उचलून धरला. दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला, तर त्या देशाचं नागरिकत्व पत्करलं हा निर्णायक पुरावा. परत यायची दुसरी वाट दिसत नाही म्हणून ज्यांनी कराचीत पाकिस्तानी पासपोर्ट काढला होता, ते त्या नियमाखाली गेले.

माझा स्वतःचा या कायद्याशी संबंध आला तो मासळीमुळे. डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. ओखा, पोरबंदर, वेरावळ. तांडेल बोट पुढे नेतो, कारण घोळ आणि पापलेट जिथे असतात तिथे असतात. पाकिस्तानी सागरी सुरक्षा दल बोट धरतं, आणि पोरगं कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन बसतं. गुन्हे लागतात ते परक्या बोटींच्या मासेमारीचे आणि फॉरेनर्स अ‍ॅक्टचे. गंमत म्हणा किंवा आणखी काही, कच्छजवळ आपल्या तटरक्षक दलाने धरलेल्या सिंधी खलाशावरही फॉरेनर्स अ‍ॅक्टच लागत आला.

शिक्षा काही महिन्यांची असते. ती भोगून झाली तरी माणूस सुटत नाही, कारण तो कुठला हे त्याच्या देशाने कळवावं लागतं. २००८ च्या करारानुसार दोन्ही सरकारं १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. यादीतलं नाव उर्दूतून इंग्रजीत आणि तिथून आपल्याकडे येईपर्यंत ओळखू येत नाही. मग बाप आमच्याकडे येतो. रेशनकार्डावर एक आडनाव, आधारवर दुसरं, यादीत तिसरं, शाळेचा दाखलाच नाही, आणि आम्ही स्टॅम्पपेपरवर लिहायचं की ही तिन्ही नावं एकाच मुलाची. पोरगा आपलाच आहे हे आपल्याच सरकारला पटवायला एवढं लागतं, हे त्या बापाला समजावून सांगणं प्रतिज्ञापत्र टाइप करण्यापेक्षा अवघड.

कराचीतच मच्छर कॉलनी आहे. तिथेही मासळीवर जगणारी माणसं, पण बंगाली बोलणारी. १९७१ पूर्वी तीही पाकिस्तानीच होती. पुढे त्यांतल्या अनेकांना ओळखपत्र मिळेना, आणि ओळखपत्र नाही म्हणजे बंदरावर काम नाही. पाकिस्तानने २००० साली परकीयांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं, कायदाही कडक केला. जाणूनबुजून बेकायदा आलेल्याला तिथे दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडे आणि बांगलादेशात मूळ कायद्यात पाच. २०२३ साली पाकिस्तान सरकारने कागद नसलेल्या परकीयांना १ नोव्हेंबरपर्यंत निघून जायला सांगितलं. लाखो अफगाण गेले, त्यांतली कित्येक मुलं पाकिस्तानात जन्मलेली. तिथला १९५१ चा नागरिकत्व कायदा जन्मावर नागरिकत्व देतो असं पुस्तकात आहे. अफगाणांच्या मुलांना ते पुस्तक सहसा कुणी लावलं नाही.

हाच १९५१ चा कायदा बांगलादेशानेही ठेवला, आणि सेहेचाळीसचाही. ज्या पाकिस्तानातून रक्तपात करून बाहेर पडले, त्याचे कायदे एका कलमाने आपले करून घेतले. त्यांच्याकडचे ‘परके’ म्हणजे उर्दू बोलणारे बिहारी. ढाक्याच्या मोहम्मदपुरातल्या जिनिव्हा कॅम्पमध्ये पिढ्या गेल्या, तेव्हा कुठे २००८ साली तिथल्या उच्च न्यायालयाने त्यांना नागरिक मानलं. रोहिंग्यांना ते दार नाही. २०१७ च्या ऑगस्टपासून ब्रह्मदेशातून सात लाखांवर माणसं आली, आणि छावणीबाहेर सापडलेल्या रोहिंग्यावर गुन्हा लागतो तो सेहेचाळीसच्याच कायद्याचा.

ब्रह्मदेश १९३७ पर्यंत हिंदुस्थानचाच प्रांत होता, त्यामुळे त्यांच्या कायद्यांच्या संग्रहात आपला १८६४ चा फॉरेनर्स अ‍ॅक्ट बसलेला आहे. रोहिंग्यांचा घात मात्र १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने केला: तुमची जमात १८२३ पूर्वी इथे होती का? भूतानने १९५८ ची रेघ ओढली आणि नेपाळी बोलणारे एक लाखाच्या आसपास लोक देशोधडीला लागले. श्रीलंकेतल्या चहामळ्यांवरच्या तमिळांची तर १९६४ साली शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांनी वाटणी केली. सव्वापाच लाख तुमचे, तीन लाख आमचे, उरलेल्यांचं नंतर बघू. आसामची रेघ २५ मार्च १९७१. २०१९ च्या नागरिक नोंदणीच्या यादीतून १९,०६,६५७ जण बाहेर राहिले.

म्हणून कुणाचा कायदा किती कडक, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. शिक्षेचं कलम सगळीकडे सापडतं. खरा निकाल त्याच्या आधी, रेघ कुठल्या सालावर ओढली इथेच लागलेला असतो, आणि ते साल कायदेपंडित ठरवत नाहीत. अपवाद म्हणजे नेपाळ. १९५० च्या तहामुळे तिथला माणूस पासपोर्टाशिवाय येतो आणि आमच्या चिकूच्या वाडीत राखणीला राहतो. त्याला कुणी घुसखोर म्हणत नाही. म्हणजे शेजाऱ्याला परका न मानणंही कायद्यात बसतं तर.

आपण सेहेचाळीसचा कायदा अखेर मोडीत काढला. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आणि पासपोर्ट, नोंदणी, परकीय असे जुने कायदे त्यात विरले. विनापासपोर्ट येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सिद्ध करण्याचं ओझं अजूनही ज्याच्यावर शंका त्याच्याच डोक्यावर. यापुढे कच्छजवळ धरलेल्या सिंधी खलाशावर पंचवीसचा कायदा लागेल आणि तलासरीच्या पोरावर कराचीत सेहेचाळीसचाच. याद्या मात्र जानेवारी-जुलैलाच येणार. त्यांतली नावं जुळवायला आमच्याकडचं प्रतिज्ञापत्र होतं तसंच चालतं.